डेन्मार्क फुटला

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये मी डेन्मार्क असते आणि माझा नवरा सुदर्शन स्वीडन. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळं खरं काय घडलं ते मला ठाऊक आहे. तीनशे वर्षांपूर्वी डेन्मार्क, पोलंड आणि रशिया या तिघांनी मिळून स्वीडनवर झडप घातली आणि शेवटी त्याचं साम्राज्य बुडवलं. पण आमच्या पुंडलिकनगरात तसं कधीच होत नाही. इथं डेन्मार्क स्वीडनच्या बाजूनं लढतो. का, तर म्हणे नवरा-बायको एकमेकांविरुद्ध कशी लढणार! पहिल्याच खेळात सुदर्शन असं बोलला, सगळे हसले, मीही हसले, आणि तोच नियम होऊन बसला. तेव्हापासून दर खेपेला स्वीडन जिंकतो आणि ज्या समुद्रासाठी रशिया लढतो तो त्या बिचाऱ्याला काही दिसत नाही.

नकाशा मी मांजरपाटावर काढलाय. फौजा म्हणजे शर्टाची बटणं आणि आरमार म्हणजे ब्लाऊजचे हूक. हा सगळा माल राहतभाईंच्या गुलमंडीतल्या दुकानातला. राहतभाई रशिया खेळतात. त्यांची बायको अदीबा पोलंड. ती माझ्याच शाळेत गणित शिकवते, आणि जो जास्त आमिष दाखवील त्याच्या बाजूला बिनदिक्कत जाते. आम्ही तिला लई चिडवतो.

यंदा आमच्या संस्थेच्या वैजापूरच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचंच नाव पुढं आहे. घरी विचारून कळवा." घरी विचारून! पुरुषाला कोणी असं सांगतं का कधी? तरी विचारलं. सुदर्शन म्हणाला, "बघू." रोज विचारलं की रोज "बघू". मला जायचं होतं हो. एक शाळा माझ्या हातात यावी म्हणून मी या नोकरीत जीव ओतलाय. आमचा मुलगा सत्यम दहावीला आहे, मान्य. पण तो काही कुक्कुलं बाळ नाही, आणि वैजापूर काही अमेरिकेत नाही. सोमवारी साहेबांना हो सांगून टाकायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तर त्या रविवारी चहा झाला, बटणं मांडली, आणि अदीबानं माझ्या हातावर हात ठेवला.

"सोनिया, रागावू नकोस हं. तू नाही म्हणालीस म्हणूनच मी हो म्हटलं."

"मी कशाला नाही म्हणाले?"

"वैजापूरला. साहेबांचा फोन सुदर्शनभाईंनी उचलला ना परवा? तुला जमणार नाही म्हणाले. मग साहेबांनी मला विचारलं."

मी सुदर्शनकडं बघितलं. तो बटणं सरळ करत होता.

"तू आंघोळीला गेली होतीस," तो म्हणाला. "आणि सत्यमचं दहावीचं वर्ष आहे. मी सांगणारच होतो तुला. चल, डाव तुझा आहे, खेळ."

माझ्या कानशिलात जाळ उठला. पाहुण्यांसमोर ओरडायचं नाही म्हणून मी नकाशाकडं बघत बसले. स्वीडनच्या सगळ्या फौजा रशियावर गेलेल्या. माझ्या बाजूला, पाण्यापलीकडच्या स्कोने प्रांतात, एक बटण नाही. कशाला ठेवील तो? डेन्मार्क घरचाच होता ना! स्कोने मुळात डेन्मार्कचाच, स्वीडननं लाटलेला. मी हूक पाण्यापलीकडं सरकवले आणि माझी सगळी बटणं तिथं उतरवली.

"या अल्लाह!" राहतभाई ओरडले. "भाभी, डेन्मार्क फुटला?"

"फुटला."

सुदर्शन आधी हसला. मग त्यानं नकाशा नीट बघितला आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. "अगं, वेडी झालीस का? आपण एक आहोत ना! निदान मला विचारायचं तरी!"

आपण काय बोललो ते त्याला कळलं की नाही, देव जाणे.

"व्हय का? विचारायचं असतं का?" मी म्हणाले.

"खेळ वेगळा, घर वेगळं."

"वा रे वा! म्हणजे बटणासाठी विचारायचं आणि बायकोला नाही विचारायचं!"

अदीबानं कप खाली ठेवला. "म्हणजे तू नाही म्हणालीच नव्हतीस?"

"नाही."

"भाभी, कसम से, आम्हाला माहीत नव्हतं," राहतभाई म्हणाले. "मी तर धाकट्या भावाला, जुनेदला, दुकान सांभाळायला सांगितलं. तिथं खोलीपण बघून आलो. म्हटलं, ही एकटी कशी राहील?"

एकीचा नवरा बायकोच्या मागं दुकान सोडून निघालेला आणि माझा हा असा. खोटं कशाला बोलू, मला अदीबाचा हेवा वाटला.

"ऑर्डर उद्या निघणार आहे," अदीबा म्हणाली. "तू म्हण फक्त. मी आत्ता फोन करून जागा सोडते."

ती मनापासून म्हणत होती. म्हणूनच तर मला "राहू दे गं, तू जा" म्हणायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात सुदर्शन मध्ये पडला.

"छे छे वहिनी, काहीतरीच काय! तुम्हीच जा. तुमचं सगळं ठरलंय. सोनियाला काही वाटणार नाही."

परत माझ्या वतीनं!

"सोड," मी अदीबाला म्हणाले.

तिनं मान हलवली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

"अगं, त्यांचं ठरलं होतं!" सुदर्शन दबक्या आवाजात म्हणाला. "एवढी कशी गं तू दुष्ट?"

"माझंही ठरलं होतं," मी म्हणाले. रडू येत होतं, पण त्याच्यापुढं रडायचं नव्हतं.

गॅलरीचं दार उघडंच होतं. अदीबाचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"सर, ती जागा सोनिया मॅडमनाच द्या. त्यांच्याकडून काही अडचण नाही, चुकून निरोप गेला. मला नाही जमणार, सर. नाही, तसं काही नाही. आमच्या मिस्टरांची परवानगी नाही."

राहतभाईंनी वर बघितलं नाही. ते एकेक बटण उचलून डबीत टाकत राहिले.