चौथा कोपरा

आमच्या घरात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवण्याची रीत राहीबाईंनी आणली. राहीबाई या माझ्या आजेसासूच्या सासू. त्यांचा हात चंद्रभागाबाईंनी उचलला, चंद्रभागाबाईंचा हौसाबाईंनी, आणि हौसाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो माझ्या हाती दिला. मी प्रयागबाई, पेठची. या तिघींपैकी एकीनेही कुणाची सावड अंगावर ठेवली नाही आणि आपली कुणाला बुडवू दिली नाही. मीही तेच केले.

सावड म्हणजे काय, हे आताच्या मुलींना सांगावे लागते. माझ्या वाकळेवर तू बसायचे, मग तुझ्या वाकळेवर मी. यात पैशाला जागा नाही. हाताची फेड हातानेच होते. काम पुरे झाले की जिची वाकळ असेल तिने ती उलटी करायची, चारचौघींदेखत तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि ‘फिटलं’ म्हणायचे. हा शब्द मिळेपर्यंत देणे लागणारीला आळीत कुणाच्या वाकळेवर बसता येत नाही, आणि तिच्या वाकळेवर कुणी जात नाही.

सरूबाईला मी तो शब्द तीस वर्षे दिला नव्हता.

ती आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन पेठेत आलो. तिचे घर आमच्या मागल्या भिंतीला लागून. तिच्या थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वाकळेवर मी बसले, आणि माझा वाटा कडेपासून मधल्या चौकापर्यंत पुरा करूनच उठले. पुढे सासूबाई वारल्या. त्यांच्या लुगड्यांची वाकळ मी शिवायला घेतली, तेव्हा सरूबाई सावड फेडायला आली. तीन कोपरे झाले. चौथ्या कोपऱ्यात तिचे टाके ढिले पडू लागले. मी तिच्यासमोर दोन ओळी उसवल्या आणि पुन्हा घालायला सांगितल्या. हौसाबाईंनी माझ्या कितीतरी ओळी उसवल्या होत्या, मी कधी उठून गेले नाही. सरूबाई उठली. सुई कापडात तशीच टोचून ती निघून गेली.

काही दिवसांनी तिने सुनेला पाठवले. सुनेचा हात चांगला होता, पण फेड जिची तिनेच करायची असते. मी तिला परत पाठवले. वर्षभराने सरूबाई स्वतः दारात आली. तोवर वाकळ पेटीत गेली होती, आणि मी पेटी उघडली नाही. जी आपल्या रागाने उठते, तिला आपल्या मर्जीने बसता येत नाही. त्यानंतर ती अनेकदा आली असेल. मी मोजले नाही.

यंदा तिच्या नातीचे, हर्षालीचे, लग्न ठरले. रुखवतात वाकळ हवी, आणि वाकळेवर आळीतल्या बाया हव्यात. ठकूबाई माझ्याकडे रदबदली करायला आली. ही आमच्या दोघींची मैत्रीण. दोन्ही घरांतला चहा पिणारी आणि दोन्ही घरांत साखर कमी आहे म्हणणारी. ती म्हणाली की पोरीच्या लग्नात पोरीच्या आजीने एकटीने वाकळ शिवत बसावे, हे बरे दिसत नाही. आता मिटवून टाका. मी तिला चहा दिला. उत्तर दिले नाही.

उत्तर मी जुन्नरला द्यायचे ठरवले. तिथे गोधड्यांचे प्रदर्शन भरणार होते, आणि माझी नातसून तेजस्विनी आमच्या बचत गटातर्फे वाकळा गोळा करीत होती. तिने विचारले, तुमची कोणती न्यायची. मी पेटी उघडून ती अपुरी वाकळ तिच्या पुढ्यात ठेवली, आणि सोबतचा फलक कसा लिहायचा तेही सांगितले. फलक तिला पटला नाही. पण आमच्या घरात पटण्याची वाट कुणी पाहत नाही. तिने लिहिले: ‘हौसाबाईंच्या लुगड्यांची वाकळ. चौथा कोपरा सरूबाई यांच्याकडे बाकी.’

पप्पूची जीप सकाळीच आली. आधी लेण्याद्री, मग प्रदर्शन, मग शिवनेरी, असा बायांचा बेत होता. मी पुढे बसले. सरूबाई मागे, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नसू. जे बोलायचे ते ठकूबाईमार्फत.

घाट उतरताना मागून गार वारा येऊ लागला. मी म्हटले, “ठके, तिला सांग, काच लाव.”

“ठके, तिला सांग,” मागून आवाज आला, “मान्साला हवा लागती. पेटीत ऱ्हायची सवय वाकळंला आसंल, मला न्हाई.”

“बायांनो, मी काय तुमचा फोन हाय व्हय?” ठकूबाई म्हणाली. “आन् फोन आसंल, तर चार्जिंग कोन करनार? डबा काढा कुनीतरी.”

जीपमधल्या सगळ्या हसल्या. मी हसले नाही, आणि आरशात पाहिले तर तीही हसत नव्हती. काच शेवटपर्यंत उघडीच राहिली.

लेण्याद्रीच्या पायथ्याला डोलीवाले उभे होते. तेजस्विनीने माझ्यासाठी डोली ठरवायला घेतली. मी सांगितले की मला अजून पाय आहेत. हे ऐकून सरूबाईनेही आपली डोली परत पाठवली. तिचा गुडघा दुखरा आहे, हे साऱ्या पेठेला ठाऊक आहे. मग मी थांबले की ती पुढे जाई, आणि ती कठड्याला टेकली की मी पुढे जाई. गणपतीसमोर दोघी एकदमच पोहोचलो, आणि दोघींपैकी एकीलाही हात जोडण्यापुरता दम उरला नव्हता. उतरताना एका माकडाने तिच्या पिशवीला हात घातला. तिने केळी दिली, नारळ दिला, चप्पलही भिरकावली. पिशवी मात्र सोडली नाही. एवढे तिच्यात काय आहे, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. यायला हवा होता.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होते. दोऱ्या बांधून त्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. काही चांगल्या होत्या. काही मशीनवर मारलेल्या होत्या, त्यांच्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. आहुप्याकडच्या कोंडाबाई नावाच्या एका बाईने केवळ जुन्या धोतरांची पांढरी गोधडी आणली होती. ती मी उलटी करून पाहिली आणि पुन्हा सुलटी केली. माझ्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळत नाही.

माझी वाकळ दाराच्या समोरच होती. शिवलेले तीन कोपरे वर-खाली ताठ, आणि चौथा, खालचा, जमिनीला टेकलेला, नुसत्या कच्च्या दोऱ्यावर. मी शेजारी खुर्ची मागवून बसले. कॉलेजातल्या मुली येत, फलक मोठ्याने वाचत आणि विचारत, कोण हो या सरूबाई? मी हात करून दाखवी. आमच्या गटातल्या बाया इकडेतिकडे पाहू लागल्या. ठकूबाई पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी राहिली.

सरूबाई जवळ आली. तिने एका मुलीला फलक पुन्हा वाचायला लावला, आणि तो संपेपर्यंत मान न हलवता ऐकला. मग ती खाली बसली, दुखरा गुडघा हाताने सरळ केला, पिशवीतून सुई, दोरा आणि चष्मा काढला आणि माझ्या वाकळेचा चौथा कोपरा मांडीवर ओढून घेतला. कितीतरी वर्षांत प्रथमच ती माझ्याकडे पाहून बोलली.

“प्रयागे, पेटी उघडलीस. आता ती परत लागायच्या आत कोपरा पुरा करती, त्याबिगर उठायची न्हाई.”

मी वाकळ उतरवायला सांगितली. तेजस्विनी जागची हलली नाही. ती म्हणाली, “आजी, संध्याकाळपर्यंत कुणालाच आपली गोधडी उतरवता येत नाही. तसं सगळ्यांनी कबूल केलंय. नियम सगळ्यांना सारखा.”

माझ्याच घरात वाढलेले वाक्य होते ते. कोपऱ्याला हात लावू नका, असे संयोजक बाईंनी तरी म्हणावे, म्हणून मी त्यांना बोलावणे पाठवले. त्या आल्या, आणि लोकांना प्रत्यक्ष शिवताना पाहायला मिळते म्हणून भलत्याच खूश झाल्या. त्यांनी सरूबाईखाली सतरंजी घातली.

बाकीच्या बाया शिवनेरीला निघाल्या. तेजस्विनीला मी त्यांच्याबरोबर जायला सांगितले. या वेळी ती ऐकून गेली. मी खुर्ची ओढून सरूबाईच्या अगदी समोर घेतली, तिच्या हातावर माझी नजर राहील अशी.

कापडात तिची जुनी सुई तशीच होती, गंजून धाग्यांत रुतलेली. ती तिने ओढली, तर मधोमध मोडली. तुकडे तिने पिशवीत टाकले आणि नवी सुई ओवायला घेतली. ते काही केल्या जमेना. दोरा ओठांत भिजवून टोक करी, नेढ्यापाशी नेई, आणि टोक बाजूने निघून जाई. चष्मा पुसून झाला, उजेडाकडे तोंड करून झाले. एक मुलगी कळवळून पुढे आली. मी तिला हटकले. सांगितले की सुई तू ओवलीस, तर फेड हिची राहणार नाही.

“बराबर बोलली ती,” सरूबाई म्हणाली. “तू लांब ऱ्हा, बाळा. ही लई जुनी लढाई हाय.”

अखेर दोरा गेला. तिने गाठ मारली आणि कडेने पहिली ओळ धरली. मी पाहत होते. टाका बारीक येत होता. माझ्या बाजूच्या टाक्यांशी ती तो डोळ्यांनी जोखत होती हे मला दिसत होते, आणि तो त्यांच्याहून मोठा होत नव्हता. मी म्हटले की दोरा सैल धरतेस. ती म्हणाली की मग कापड चुरगळत का नाही, ते सांग. मी म्हटले, तेव्हा हे जमले असते तर आज फरशीवर बसावे लागले नसते. ती म्हणाली, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत शिवावे लागे, आता चष्म्यातून फक्त सुई दिसते. भोवती जमलेले लोक हसले. मला ते आवडले नाही.

कोपरा वळतो तिथे तिचा एक टाका तिरपा गेला. मी पाहिला. तोंड उघडणार, तोच तिने सुई उलटी धरली, ती सबंध ओळ उसवली, दोरा बोटाभोवती गुंडाळून बाजूला ठेवला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. मान वर न करता ती म्हणाली, “तुज्या तोंडाला तरास नको.”

त्यानंतर मी फक्त पाहत राहिले. चूक सापडावी असे मला वाटत होते, हे लपवण्याचे कारण नाही. तेवढ्या एका कोपऱ्यावर आमच्या मागल्या भिंतीपलीकडचे घर तीस वर्षे माझ्याकडे मान वाकवून होते. गल्लीतून मी चालले की ती बाजूला होई. ते सारे माझ्या डोळ्यांसमोर टाक्याटाक्याने आवळत, लहान होत चालले होते, आणि मला हात लावता येत नव्हता.

बाया शिवनेरीहून परतल्या तेव्हा ती मधल्या चौकाला भिडली होती. शेवटची गाठ तिने आत दडवली, दोरा दातांनी तोडला आणि कोपरा मांडीवरून माझ्याकडे सरकवला. कोंडाबाईही आपल्या पांढऱ्या गोधडीपासून उठून येऊन उभी राहिली होती.

मी कोपरा उलटा केला. तळहात फिरवला. एक गाठ, एक ढिला टाका, दोन थरांमधली एखादी चुणी, काहीही चालले असते. मी पुन्हा फिरवला, कडेकडून चौकाकडे, मग चौकाकडून कडेकडे.

“अक्का, हात झिजंल,” ठकूबाई म्हणाली. कुणी हसले नाही.

शब्द माझा होता. तो मी दिला नसता, तर जुन्नरातले कुणीही माझ्याकडून घेऊ शकले नसते. पण काम बुडवणारी आणि झालेले काम नाकारणारी यांत राहीबाईंनी फरक केला नव्हता, चंद्रभागाबाईंनी नाही, हौसाबाईंनीही नाही. मी खुर्चीवरून उठले, आणि शेवटच्या दोरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “फिटलं. पुरं फिटलं.”

सरूबाईने चष्मा पिशवीत ठेवला. तेजस्विनी हात द्यायला पुढे झाली, तो न घेता ती भिंतीला धरून उभी राहिली आणि पदर झटकून ठकूबाईकडे वळली.

“ठके, आळीत सांग. हर्षालीची वाकळ सोमवारी शिवायला घ्यायची हाय, समद्या बायांनी यायचं. हिला सोडून.”

तो तिचा अधिकार होता. माझे तिच्याकडे आता काहीही येणे नव्हते.