ऑइलचा बोल्ट

शोरूमवाल्यांचा सर्व्हिसिंगसाठी फोन आला की कोंडाजी दर वेळी एकच सांगत, "आमच्या घरी मेकॅनिक आहे." मेकॅनिक म्हणजे ते स्वतःच. अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसानं मोटरसायकलचं ऑइल बदलायला काचेच्या दुकानात जाऊन सोफ्यावर बसायचं, हे त्यांच्या पचनीच पडत नसे.

पण या रविवारी प्रश्न नुसत्या ऑइलचा नव्हता. बायको, आशा, जाऊन आठ महिने झाले होते. सिडकोतल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत, आणि गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरले. पातेलं जळालं, धूर झाला, शेजाऱ्यांनी पुण्याला अमोलला फोन केला. पोरगा इरेलाच पेटला. "बाबा, आता अजून एकदा असं काही झालं ना, तर मी गाडी घेऊन येणार आणि तुम्हाला इकडे आणणार. एकटं राहणं तुम्हाला जमत नाहीये."

"कोण म्हणतं? रविवारी गाडीचं ऑइल बदलतोय. अकरा वाजता फोन करून विचार जमलं का ते."

पुण्याला जायला तशी हरकत काही नव्हती. सूनही चांगली होती. पण आशाचं जे काही उरलं होतं ते याच दोन खोल्यांत होतं, आणि ते सोडून जायची कोंडाजींची छाती होत नव्हती.

सकाळी पाथर्डी फाट्यापर्यंत चक्कर मारून त्यांनी इंजिन गरम केलं. गरम झालं की ऑइल पातळ होतं आणि गाळासकट बाहेर पडतं. अंगणात गाडी मेन स्टँडला लावली, खाली जुनं घमेलं सरकवलं आणि आडवे होऊन पान्यानं खालचा बोल्ट सोडला. काळी धार लागली. बोल्ट पुसून शर्टाच्या खिशात टाकला. गुडघे कुरकुरले, पण हात अजून पक्का होता.

ऑइल निथळेपर्यंत ते पायरीवर बसले. एरवी या वेळी आशाची टकळी चालू असायची. आज सकाळपासून ते एकच वाक्य बोलले होते, तेही दूधवाल्याशी.

मग नवा डबा फोडला, नरसाळं लावलं, सावकाश ओतलं. वर एक थेंब सांडू दिला नाही. इंजिनातली ऑइलची मोजपट्टी काढून पाहिली तर ती कोरडी. त्यांनी पुन्हा पुसून घातली, पुन्हा कोरडी. वाकून पाहिलं, तर घमेल्यातल्या काळ्या ऑइलवर नवंकोरं ऑइल मधासारखं पसरलं होतं. कोंडाजींनी खिसा चाचपला. बोल्ट खिशातच होता.

तेवढ्यात फोन वाजला. बरोब्बर अकरा.

झालं म्हणून सांगावं, मागाहून दुसरा डबा आणावा, कुणाला कळणार आहे? पण एवढी मोठी फजिती झाली आणि सांगायला घरात माणूस नाही, हे त्यांना सोसेना. "सांडलं रे सगळं," ते म्हणाले. "बोल्ट लावायचाच राहिला."

कोंडाजींनी मनातल्या मनात कपाटातले कपडेही काढायला घेतले.

"बाबा," अमोल हळूच म्हणाला, "बोल्ट आईकडे असायचा ना."

खरंच की. कितीतरी वर्षांपूर्वी एकदा बोल्ट घरंगळत गटारात गेला होता. तेव्हापासून आशा गाडीशेजारी पाट टाकून बसे, बोल्ट पदराच्या टोकात धरून. त्यासाठी एक जुनी साडी तिनं वेगळीच ठेवली होती. "निथळलं का सगळं?" असं ती विचारायची. गाडीखालून कोंडाजींचा हात बाहेर आला की बोल्ट तळव्यावर ठेवायची, आणि तो आवळल्याशिवाय नव्या डब्याला हात लावू द्यायची नाही. कोंडाजींना तो कधी लक्षात ठेवावाच लागला नव्हता.

कोंडाजींना रडू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच, आणि तेही हात कोपरापर्यंत काळे असताना. डोळे पुसायचीही सोय नव्हती.

"दुसरा डबा आणा," अमोल म्हणाला. "परत करा. मी फोनवर थांबतो."

"आणि पुण्याचं?"

"ते नंतर बघू."

अर्ध्या तासानं फोन पायरीवर होता, स्पीकर चालू, आणि कोंडाजी पुन्हा गाडीखाली.

"निथळलं का सगळं?" अमोलनं विचारलं.

कोंडाजींचा हात सवयीनं गाडीखालून बाहेर आला, तळवा वर करून. थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो आत घेतला आणि खिशातून बोल्ट काढला.

"निथळलं," ते म्हणाले. "लावतो आता."