माझ्या पडद्यावरची नववी माळ

मी वर्तकनगरातल्या चित्राच्या घरचा कॉम्प्युटर बोलतोय. आधी तीन वर्षं एका ऑफिसात पत्रं छापली. मग तिथे नवी मशिनं आली आणि चित्राचे यजमान विश्रामराव मला रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आले. आल्या आल्या हळदकुंकू लागलं, अंगावर झालरीचं फडकं चढलं. ऑफिसात एवढं कुणी केलं नव्हतं हो!

चित्रा चाळिशीची. खोपटच्या क्लासात जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानं हलतीबोलती करायची भाषा शिकली. तिथले त्र्यंबक सर म्हणाले होते, "स्वतःचं एक पान करून दाखवा. जमलं तर बायकांची दुपारची बॅच तुमची." तिला ती हवीच होती. लग्नाआधी शाळेत शिकवायची, ते सुटलं ते सुटलंच.

नवरात्र होतं. तिनं ठरवलं, पडद्यावर घट बसवायचा आणि वर एकेक माळ चढवायची. नऊदा तेच कशाला लिहा? एकदा लिहायचं आणि मला गोल फिरवायचं, त्यालाच लूप म्हणतात. पहिल्या दिवशी ती आकडा पुढे सरकवायलाच विसरली. झालं! मी आपला पहिलीच माळ घालत बसलो, थांबेचना.

"अगं, याच्या अंगात आलं की काय!" विश्रामराव म्हणाले. शेवटी बटण बंद केलं तेव्हा सुटलो.

शनिवारी सर आले. शेजारी लेकीकडे राहायला आलेल्या कोळीवाड्यातल्या मनुबाईही आल्याच. माळा झरझर चढल्या. "वा!" सर म्हणाले.

मनुबाई बोटावर मोजत होत्या. "अगो, आठच माला? आठव्या रोजीच घट उठवतेस काय?"

चित्राचा चेहरा उतरला. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आता यात माझा काय दोष? मला सांगितलेलं, एकपासून सुरू कर, आकडा नवापेक्षा लहान आहे तोवर माळ घाल. नऊ हा नवापेक्षा लहान कसा असेल?

चित्रानं क्षणभर पाहिलं आणि हसलीच. "मनुबाई, हे चिन्ह म्हणजे 'लहान'. ते नवाला दारातच अडवतंय. त्याला बरोबरची खूण जोडली की 'लहान किंवा तेवढाच'. मग नऊ आत, दहा बाहेर." एक कळ दाबली, पान पुन्हा उघडलं. नववी माळ चढली.

"कळलं का हो?" सरांनी मनुबाईंना विचारलं.

"न कळायला काय? नववीला पण घरात घेतली."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "सोमवारी दोन वाजता या, चित्राबाई. मला हे इतक्या थोडक्यात कधी जमलं नाही."

आता दुपारी चित्रा खोपटला असते आणि मी घरी वाट बघतो. रविवारी मात्र मनुबाई माझ्यापुढे बसतात, एका बोटानं कळा शोधत. बायांनो, एकच विनवणी: मी अडलो तर डोक्यावर थापट्या मारू नका. सांगाल तेवढंच करतो मी.

काल मनुबाईंनी अकरा नातवंडांसाठी लूप लिहिला. अकराच्या अकरा ओळी उमटल्या. मग दाराकडे बघून त्या चित्राला हळूच म्हणाल्या, "आता बारा कर गो. धाकट्या सुनेला दिवस गेलेत. कुणाला बोलू नको हां!"

मी कुणाला सांगतोय? तुम्हालाच काय ते सांगितलं.