पांढऱ्या शालीची फणी

माझ्या बहिणीची, इत्तोची लोखंडी फणी गंजली, त्याचं सगळं श्रेय माझ्या मेव्हण्याला, हद्दूला. ईदच्या मेंढ्याचं कातडं मीठ लावून गुंडाळताना त्यानं मागावरची फणी आत ठेवली. पोरं खेळायला पळवतात म्हणे! आणि विसरला. बारा दिवस इत्तो घर धुंडाळत होती. फणी सापडली तेव्हा दात तांबडेलाल झाले होते.

"अर्धी शाल विणून झालीय," इत्तो रडकुंडीला आली. "पोरीचं लग्न पुढच्या शनिवारी. गंज पांढऱ्या लोकरीला लागला तर संपलंच. नवी फणी घेतली तर धागा दाबायचा ठोका बदलणार, शालीत रेघ उमटणार. तुडाच्या सासरच्या बायका बोट ठेवून दाखवतील, दादा."

"मी मेलोय का?" मी म्हणालो. मिदेल्त गावच्या ट्रकांच्या बॅटऱ्या मी तीस वर्षं चार्ज करतोय. गंज माझ्यापुढे काय चीज आहे!

अंगणात प्लास्टिकचा टब ठेवला, पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवला. ट्रकच्या जुन्या लोखंडी पाट्याचा तुकडा एका बाजूला, फणी दुसऱ्या बाजूला, एकमेकांना न लागता. चार्जरची लाल तार पाट्याला, काळी फणीला.

हद्दू सिगारेट ओढत डोकावला. "फणीला काळी? चांगल्या वस्तूला लाल लावतात!"

"लाल लावली तर फणीच झिजून जाईल, दाजी. आणि ती सिगारेट बाहेर न्या! हे बुडबुडे पेट घेतात."

तो पुटपुटत गेला. दुपार कलेपर्यंत टबात तपकिरी फेस दाटला. मी चार्जर बंद केला, फणी काढून ब्रशनं घासली. काळा थर निघाला, खालून करडं लोखंड उघडं पडलं. तेलाची बाटली उचलताच इत्तोनं माझा हात धरला.

"पांढऱ्या लोकरीवर तेल? शहाणाच आहेस!"

मग कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसून फणी उन्हात तापवली. आधी लोकरीच्या तुकड्यावर घासून पाहिली. एक डाग नाही. इत्तो मागावर बसली आणि तिनं लगेच ठोके द्यायला सुरुवात केली. मी छाती फुगवून उभा राहिलो.

शुक्रवारी शाल मागावरून उतरली. तुडानं डोळे मिटून तिच्यावरून बोटं फिरवली. एका जागी थांबली. तिचा चेहरा पडला.

"मामा, रेघ आहे. इथं."

माझं धाबं दणाणलं. इत्तो वाकून बघायला लागली, आणि एकदम हसली. डोळे मात्र भरले होते.

"ती फणी गंजायच्या आधीची, वेडे. इथवर विणलं त्या दिवशी तुझं लग्न ठरलं. माझा हात चालतच नव्हता."