दुसऱ्या गावचा ड्रॅम

खाण बंद केली तेव्हा कौन्सिलनं आम्हाला बदल्यात एक ड्रॅम दिला. ड्रॅम म्हणजे खाणीतून कोळसा आणायची लोखंडी गाडी, चार चाकांची. तिला लाल रंग फासला, आत माती भरली, फुलझाडं लावली आणि आमच्या गावाच्या, कूमहेलिगच्या, वेशीवर ठेवून दिली. अख्ख्या गावाचं काम गेलं आणि हातात आली ती एक कुंडी. फीत कापायला आलेल्या बाई 'वारसा, वारसा' म्हणत होत्या. वारसा मेल्यावर मिळतो, हे त्या म्हणाल्या नाहीत.

फीत कापून झाली तसे इडवलकाका पुढे आले. इडवल प्रॉसर, खाणीत घोडा हाकण्यात ज्यांची जवानी गेली ते. वाकून त्यांनी चाकांकडे बघितलं आणि बाईंच्या देखत म्हणाले, "हा आपला नाही. शेजारच्या पेंत्रब्रानच्या खाणीचा आहे. त्यांच्या दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर आपल्यापेक्षा जास्त असतं. आपल्या रुळांवर हा चढलाही नसता."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्या थोपटण्याचा मला अजून राग येतो.

त्याला वीस वर्षं झाली. बस वेशीवरून जाताना काका मान फिरवायचे. आता छातीत कोळशाची धूळ इतकी साचली आहे, की नाकात नळी आणि मांडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन बसतात. डॉक्टर म्हणाले, हिवाळा दिसेल असं वाटत नाही. त्यावर काकांनी हुकूम सोडला: माझी शवपेटी त्या ड्रॅमवरून न्यायची नाही.

आमच्या गावाला रस्ता एकच आणि दफनभूमी वेशीच्या पलीकडे.

मॉरफिदकाकू, त्यांची बायको, माझ्या तळलेले मासे नि चिप्स विकायच्या दुकानात येऊन बसल्या. "नेऊ कशी गं त्याला, नेस्ता? डोंगरावरून गडगडत सोडू?"

"हेलिकॉप्टर बोलवा."

"हसू नकोस. मी म्हटलं त्याला, मेल्यावर तुला काय दिसणार आहे? तर म्हणतो, मला नाही दिसणार, पण ड्रॅमला दिसेल ना."

काकू हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. तेव्हा मी ॲप्रन काढला.

आधी ड्रॅम बदलून मागायला कौन्सिलच्या कचेरीत गेले. अर्ज करा, तज्ज्ञांचा अहवाल येईल, सुरक्षेची तपासणी होईल, मग बघू. दोन-अडीच वर्षं. म्हटलं, माणूस तेवढा टिकणार नाही. तिथल्या पोरानं हळहळून मला वारशाचं रंगीत पत्रक दिलं. त्यावर त्याच ड्रॅमचा फोटो होता.

म्हणून पेंत्रब्रान गाठलं; कौन्सिलनं त्यांच्याही वेशीवर असाच एक ड्रॅम ठेवला होता. त्या गावाशी आमचं बोलणं नाही. फार जुन्या एका रग्बीच्या सामन्यात आमच्या माणसाचा कान कोणी चावला, यावर अजून एकमत झालेलं नाही. त्यांच्या क्लबात बारमागे ब्रिनमोर उभा होता, कपाटाएवढा.

"कूमहेलिगची ना तू? मासे करपवता म्हणे तुम्ही."

"तुमच्याकडे तर ते पोहत पानात येतात. ऐक, तुमच्या वेशीवरचा ड्रॅम आमचा आहे."

ब्रिनमोरनं हातातला ग्लास खाली ठेवला. "वीस वर्षं लागली होय चोरी कबूल करायला?"

"कुणाची चोरी?"

"आमचा ड्रॅम पळवलात आणि तुमचं ते अरुंद खोकं आमच्या गळ्यात मारलंत. माझा बाप मरेपर्यंत त्याच्यावर थुंकत होता."

मी स्टूल ओढून बसले. त्यांनाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

"मग विचारलं का नाही?"

"तुम्हाला? विचारायचं?" त्याला मनापासून अपमान वाटला.

दोन ड्रॅम उतरवताना कौन्सिलनं अदलाबदल केली होती, बस. त्यांच्या लेखी सगळ्या खाणी सारख्या आणि खाणीतली सगळी माणसंही सारखीच काळी. हे मी मोठ्यानं बोलले, तसा ब्रिनमोरनं माझ्यापुढे बिअर सरकवली. पैसे घेतले नाहीत. पेंत्रब्रानच्या इतिहासात हे प्रथमच घडत असावं.

ड्रॅम आपसांत बदलून घ्यायला शनिवार ठरला. शनिवारी कौन्सिल झोपलेलं असतं.

दोन गावांच्या मधून डोंगराच्या कुशीनं घोड्यांनी ड्रॅम ओढायची जुनी ट्रामवाट जाते. रूळ कधीच उपटले गेले. कुणाच्या कुंपणाला लागले, कुणाच्या कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबांना. पण रुळांखालचे दगड अजून जोडीजोडीनं पडलेत, प्रत्येकाला खिळ्याचं भोक. घोड्याला ओढता यावं म्हणून वाटेचा चढ इतका बेताचा, की आजही म्हातारी माणसं आणि बाबागाड्या तिथूनच जातात.

माझ्या दुकानातल्या बादल्यांत फुलझाडं काढून ठेवली. चाकांखाली फळ्या टाकत आम्ही तो परका ड्रॅम ढकलत निघालो. समोरून पेंत्रब्रान आलं, आमचा ड्रॅम ढकलत, पुढे त्यांचा पिपाण्यांचा बँड. गणवेश म्हणून खलाशांचे कपडे घातलेल्या बँडमधल्या बाया असल्या बेसूर वाजवत होत्या, की मेंढ्या डोंगरमाथ्यावर पळाल्या.

मध्यावर, जिथे आमचे रूळ संपून त्यांचे सुरू व्हायचे, तिथे नेच्याच्या झुडपांत आमच्या रुळांचा एक तुकडा उरला आहे. कुणाच्या बापाला उपटता आला नाही म्हणून उरला. पहारी लावून आमचा ड्रॅम त्यावर चढवला. चारही चाकं खण्णकन बसली. ब्रिनमोरनं हट्टानं त्यांचाही चढवायला लावला. एका बाजूची चाकं रुळावर, दुसऱ्या बाजूची हवेत. "बघा," तो असा म्हणाला, की जणू हे पहिल्यांदा त्यालाच सुचलं होतं.

काकूंनी काकांना खुर्चीवरून ढकलत आणलं. ते उठले, आमच्या ड्रॅमच्या मागे गेले आणि पत्र्याला एक पोचा होता, त्यात त्यांनी मूठ बसवली.

"टर्कची लाथ," ते म्हणाले. टर्क त्यांचा घोडा. पिपाण्या थांबल्या.

"मला आत बसवा."

"डोकं फिरलंय का तुझं?" काकू म्हणाल्या. "सिलिंडर आहे बरोबर."

"मग सिलिंडरलाही बसवा."

दोन्ही गावांनी मिळून त्यांना ढकलत घरी आणलं. वाटभर काका आम्हाला घोड्यांना घालायच्या शिव्या घालत होते. ब्रिनमोर म्हणाला, घोडे बिचारे कसे सहन करत असतील. काका म्हणाले, घोड्यांना अक्कल होती, त्यांना शिव्या लागायच्याच नाहीत.

सोमवारी कौन्सिलचा माणूस फोटो काढून गेला. दोन गावं, दोन लाल ड्रॅम, दोन्हीत फुलं. त्याला काही कळलं नाही. उन्हाळ्यात दोन्ही गावांना फुलांचं बक्षीस मिळालं.

पण शनिवारचं राहिलंच. वेशीवर ड्रॅम नीट बसवल्यावर काकूंनी विचारलं, "झालं ना मनासारखं? आता जाशील ना इथून?"

काकांनी ड्रॅम खालून वर न्याहाळला. "रंग," ते म्हणाले.

"काय रंग?"

"आपले ड्रॅम लाल कधी होते गं? गंजलेले होते, कोळशानं माखलेले. या लिपस्टिकवरून मी नाही जायचा."

हिवाळा आला आणि गेला. डॉक्टर आता तारखा सांगत नाहीत. काका रोज वेशीवर खुर्ची टाकून बसतात आणि मॉरफिदकाकू तारेच्या ब्रशनं ड्रॅमचा रंग खरवडतात. एक बाजू झाली आहे. मी मदतीला गेले तर माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

"राहू दे, नेस्ता," त्या म्हणाल्या. "घाई कसली आहे?"