ढब्बूचा पासवर्ड

बँकेच्या तक्रार विभागात बसून मी दिवसभर लोकांना एकच सांगते: पासवर्डमध्ये मुलांची नावं घालू नका, जन्मसाल तर मुळीच नको. सांगून सांगून तोंडाला फेस येतो. आणि माझ्याच आईने खरेदीच्या अ‍ॅपला दादाचं लाडकं नाव, ढब्बू, आणि पुढे त्याचं जन्मसाल लावलेलं.

बाबांशी भांडून दादा घरातून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. बाबा गेले तेव्हाही आला नाही. दर वाढदिवसाला आई त्याचा लहानपणीचा फोटो फेसबुकवर टाकते. 'ढब्बू, आज तू चौतीस वर्षांचा झालास.' कुठेतरी त्याने वाचावं म्हणून सगळ्यांना दिसेल असा.

मागच्या महिन्यात मी सहज तिचं अ‍ॅप उघडलं, तर दोन महिने वॉलेटमधून पैसे जात होते. कुकर, पुरुषाचे बूट, तान्ह्या बाळाची दुपटी.

"आई, हे तू मागवलंस?"

"नाही." ती शिलाई मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत होती.

"मग तुला कळलं नाही?"

"कळलं की. मेसेज येतात ना. म्हणून तर दर आठवड्याला थोडे भरत गेले. घरात बाळ आहे, कमी पडायला नको."

मी कपाळावर हात मारला. "अगं, चोर आहे तो. तुझ्या फोटोखालचं वाचून कुणीही पासवर्ड ओळखेल."

"बूट नऊ नंबरचे आहेत. त्याचाही पाय नऊचाच."

"तक्रार कर आधी."

"माझ्या हाताने पोराविरुद्ध अर्ज लिहू?"

पुढचं पार्सल न्यायला तो शनिवारी अ‍ॅपच्या दुकानाच्या काउंटरवर येणार होता. आईने अट घातली, आधी बघायचं, मग अर्ज. हे माझ्या कामाच्या कुठल्याच नियमात बसत नाही. तरी मी गेले. खोटं कशाला बोलू, दुपटी बघून मलाही आत्या झाल्यासारखं वाटलं होतं.

काउंटरसमोरच्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. आईच्या पिशवीत उरलेल्या कापडाचं झबलं होतं, रात्री शिवलेलं. अकराच्या सुमारास एक माणूस आला आणि त्याने आईच्या नावाचं पार्सल मागितलं. पाठमोरा अगदी दादाच. तेच उतरते खांदे. मी उठूनच उभी राहिले.

पार्सल घेऊन तो वळला. आई त्याच्याकडे बघत राहिली. तो आमच्या समोरून बाहेर गेला.

"हा नाही," ती म्हणाली. मग पिशवीचं तोंड आवळत म्हणाली, "बरं वाटत होतं गं. निदान माझ्याकडून काहीतरी घेतोय, असं."

तिथेच बसून मी तिला पासवर्ड बदलायला लावला आणि अर्ज भरला. आईने सही केली. नवा पासवर्ड तिने माझ्यापासून हाताने झाकून टाकला, मी शिकवलं होतं तसाच. मग विचारलं, "आता त्याला कधी लागलं, तर तो आत कसा येणार?"



माझ्या ईमेलचा पासवर्डही ढब्बूच आहे. सोमवारी नक्की बदलते, असं म्हणता म्हणता हा चौथा सोमवार.