सोबत एकच माणूस

भिंगरी आत्यावर खेकसली, आणि ड्रायव्हरबाईच्या पोटात दुखायला लागलं.

"किती हळू ढकलतेस गं अत्तू, मुंगीसुद्धा पुढे गेली," नऊ वर्षांची ती कारटी व्हीलचेअरमधून मागे मान वळवून म्हणाली. अत्तू म्हणाली, "मग बोलाव मुंगीला, तिलाच सांग ढकलायला." दोघी खिदळल्या. पार्कचं दार यायच्या आत अत्तूने चार वेळा असं ऐकून घेतलं होतं. ड्रायव्हरबाईने मोजलं होतं. तिच्या स्वतःच्या वाट्याला सकाळपासून काय आलं? एक "थँक्यू, आई," आणि एक "आई, जमलं तर पाणी देतेस?" जमलं तर म्हणे. पोटची पोर, आणि घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं आईशी बोलत होती.

आता यात जळण्यासारखं काय, असं कोणी विचारेल. विचारू दे. ज्याच्यावर हक्काने ओरडता येतं ते माणूस आपलं, एवढं ड्रायव्हरबाईला कळत होतं, आणि ते माणूस आपण नाही हेही कळत होतं.

ती लांब पल्ल्याची बस चालवायची. दोन दिवस गाडीवर, दोन दिवस घरी. गाडीवर चढताना फोन डेपोतल्या कपाटात कुलपात ठेवायचा, असा तिथला नियम. सात आठवड्यांपूर्वी भिंगरी शाळेच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरायला गेली आणि खाली पडून मांडीचं हाड मोडून बसली, तेव्हा आई स्टिअरिंगमागे होती आणि फोन कपाटात. बाप छापखान्यात, मशीनच्या खडखडाटात त्यालाही रिंग ऐकू आली नाही. शाळेने तिसरा फोन लावला तो आत्याला. आत्याने दवाखान्यात नेलं, आत्याने कागदांवर सही केली, ऑपरेशनच्या दाराबाहेर आत्याच बसली. ड्रायव्हरबाईला कळलं अकरा तासांनी. ती धावतपळत पोचली तोवर मांडीत सळई घालून झाली होती, पोर गाढ झोपली होती, आणि तिच्या मुठीत आत्याचं बोट होतं.

आत्या म्हणजे ड्रायव्हरबाईची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. एकटीच राहायची, शिवणकाम करायची. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन घेऊन ती यांच्या घरी दाखल झाली आणि पोर चालायला लागेपर्यंत राहते म्हणाली. सात आठवडे तिने पोरीला उचललं, न्हाऊ घातलं, अभ्यास घेतला, रात्री कूस बदलून दिली. तिच्याबद्दल वाईट बोलायला कुठे बोट ठेवायलाही जागा नव्हती, आणि ड्रायव्हरबाईचं खरं दुखणं तेच होतं. वाईट बाईचा राग करणं सोपं असतं. चांगल्या बाईचं काय करायचं?

काय करायचं ते तिला एकच माहीत होतं: रुसायचं. रुसण्यात तिचा हात धरणारं त्या घरात कोणी नव्हतं. आरडाओरडा नाही, भांडण नाही. तोंडाला कुलूप, आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज दुप्पट. नवऱ्याने एकदा "तुझ्यापेक्षा बस बरी, हॉर्न तरी वाजवते," असं गंमतीत म्हटलं, तर घरचे दोन्ही दिवस ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही आणि तशीच ड्यूटीवर निघून गेली. नणंदेला एरवी ती "अगं" म्हणायची, पण बिनसलं की "वन्सं, तुम्ही" सुरू व्हायचं. आज सकाळी घर सोडल्यापासून वन्सं, तुम्हीच चालू होतं.

कारण आजचा दिवस खरं तर मायलेकींचाच होता. प्लास्टर निघून पायाला आधाराचा ब्रेस लागला होता. दोन आठवडे पाय टेकवायचा नाही, पण सावकाश चालणाऱ्या खेळण्यांत बसायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ड्रायव्हरबाईने डेपोत हातापाया पडून रजा बदलून घेतली. फक्त मी आणि माझी मुलगी, असं मनाशी ठरवून पार्कचं नाव काढलं. भिंगरी खूश झाली, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अत्तूला पण नेलं तर चालेल का?" इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणणार?

पार्कच्या दारातल्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिने व्हीलचेअर पाहिली आणि एक केशरी पट्टी काढली. "खुर्चीवाल्या पाहुण्यांना कुठल्याच खेळण्याला रांग नाही. बाजूच्या दाराने थेट आत. पण सोबत एकच माणूस. बाकीच्यांनी रांगेतून यायचं. पट्टी एकदा मनगटावर बसली की दिवसभर निघत नाही, दुसऱ्याला देता येत नाही." मग तिने खुर्चीच्या दांड्या धरून उभ्या असलेल्या बाईकडे पाहून हसून म्हटलं, "आई, हात पुढे करा."

खुर्चीच्या दांड्या अत्तूने धरल्या होत्या.

"आई मी आहे," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि तिने आपला हात खिडकीत एवढा आत घातला की त्या मुलीला मागे सरकावं लागलं. टक् करून पट्टी बसली. अत्तूने दांड्या सोडल्या. भिंगरीने एकदा आत्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालेल."

त्या "चालेल"ने ड्रायव्हरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पट्टी आता आपल्या मनगटावर आहे, बघू या की, असं म्हणत तिने खुर्ची पुढे रेटली.

चाळीस फुटी बस रिव्हर्समध्ये फलाटाला लावणारी ही बाई, पण त्या खुर्चीने तिची पार फजिती केली. खुर्ची डावीकडे ओढायची. एका पायरीवर तिने पुढची चाकं धडकन आपटली. भिंगरीचा पाय हादरला, डोळे घट्ट मिटले गेले.

"वहिनी, उलटी घे," अत्तू मागून म्हणाली. "मागची चाकं आधी."

"मला गाडी चालवायला शिकवू नका, वन्सं."

"दुखलं का गं?" अत्तूने वाकून विचारलं.

"नाही नाही," भिंगरी म्हणाली. "आई छान चालवते."

ड्रायव्हरबाईला अत्तूचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या "छान"चा आला. हीच पायरी अत्तूने आपटली असती तर पोरीने पार्क डोक्यावर घेतला असता.

पार्कच्या मधोमध तळं होतं. त्यात हंसाच्या आकाराच्या दोन माणसांच्या होड्या पाण्याखालच्या रुळावरून सावकाश एक फेरी मारून परत त्याच धक्क्याला लागायच्या. भिंगरीने पत्रकात पाहून सगळ्यात आधी यावरच बोट ठेवलं होतं. अत्तू मुकाट्याने रांगेत जाऊन उभी राहिली. रांग धक्क्याच्या कठड्याला वळसे घालत गेली होती, पाऊण तासाची तरी. ड्रायव्हरबाई मनगटावरची पट्टी दाखवत बाजूच्या दाराने आत शिरली, आणि खोटं कशाला बोला, शिरताना तिने मागे वळून पाहिलंही. फार बरं वाटलं तिला.

होडीवाल्याने होडी थांबवली. "चला, उचला मुलीला. मला हात लावायची परवानगी नाही, सोबतच्या माणसानेच उचलायचं."

आणि तिथे ड्रायव्हरबाई अडली. सात आठवड्यांत तिने पोरीला एकदाही उचललं नव्हतं. ती घरी असली तरी अत्तू "तू दमून आलीस, बस" म्हणून पुढे व्हायची, आणि ही वन्सं, तुम्ही करत स्वयंपाकघरात भांडी आपटायची. रुसायच्या नादात बघूनसुद्धा घेतलं नव्हतं तिने, कुठून धरतात, पाय कसा सांभाळतात. आणि आता विचारायचं कोणाला? अत्तू कठड्यापलीकडे दहा हातांवर होती. एक हाक मारली असती तर पुरे होतं. पण ड्रायव्हरबाईने हाक मारली नाही. मेले तरी मारणार नाही, असं तिने ठरवलं.

तिने पोरीच्या काखेत हात घातले आणि दोन वर्षांच्या बाळाला उचलावं तसं उचललं. ब्रेसचा पाय लोंबकळला आणि होडीच्या काठावर आपटला.

भिंगरीच्या तोंडून आवाज आला नाही. ओठ पांढरे झाले. आईने तिला बाकावर टेकवलं, पाय आडवा ठेवला, आणि होडी हलली.

"लागलं?"

"नाही." आणि थोड्या वेळाने, डोळ्यांत पाणी तरारलेलं असताना, "मजा येतेय, आई."

ड्रायव्हरबाईचा धीर सुटला. "अत्तूने आपटला असता पाय, तर असंच म्हणाली असतीस?"

भिंगरीने ब्रेसचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा आवळला.

"सांग ना. तिच्यावर सकाळपासून किती वेळा ओरडलीस. माझ्यावर एकदा तरी? मी आई आहे ना तुझी? का फक्त थँक्यू म्हणायला ठेवलंय मला?"

"तू रुसतेस," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"अत्तूवर ओरडलं तर ती उलट ओरडते आणि संपतं. तू रुसतेस. मग बोलत नाहीस. दोनच दिवस असतेस तू घरी, आई. एकदा रुसलीस की दोन्ही जातात, आणि मग तुझी गाडी असते." ती हे सगळं शाळेत उत्तर द्यावं तसं सरळ सांगत होती. "म्हणून मी नीट वागते. तू असेपर्यंत."

ड्रायव्हरबाईला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आणि तिची सवय बघा: हे ऐकूनही तिच्या मनात पहिलं काय आलं असेल तर रुसावं, हेच. ओठ आपोआप मिटले. मान पाण्याकडे वळली. पोर आपल्याला घाबरून जपते, दुखलं तरी हसते, आत्यापाशी मोकळी होते आणि आपल्यापाशी शब्द मोजून बोलते, हे सगळं खरं. पण ते असं तोंडावर ऐकणं कठीण होतं. अर्धी फेरी ती गप्प बसली. मग तिला शेजारून एक बारीक आवाज आला.

"सॉरी, आई. मी असं बोलायला नको होतं."

पोर घाबरली होती. दुखऱ्या पायाला नाही, आईच्या गप्प बसण्याला.

"नाही," ड्रायव्हरबाई घाईने म्हणाली. "नाही गं. रुसले नाही मी. म्हणजे रुसणार होते, पण आता नाही रुसत. बोल तू. तुला काय बोलायचंय ते बोल माझ्याशी."

भिंगरीने तिच्याकडे संशयाने पाहिलं. तिचा विश्वास बसलेला दिसत नव्हता, आणि का बसावा?

होडी धक्क्याला लागली. होडीवाल्याने खुर्ची पुढे आणून लावली. रांग बऱ्यापैकी सरकली होती आणि अत्तू आता कठड्याला चिकटून, अगदी समोरच उभी होती. ड्रायव्हरबाई उठली, पोरीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि कठड्याकडे वळली.

"अगं," तिने हाक मारली, "कशी उचलतेस तू हिला? मला येत नाही."

एवढं एक वाक्य बोलताना तिच्या कपाळावर घाम आला. अत्तूने कठड्यावरून वाकून सांगायला सुरुवात केली: खुर्चीचा ब्रेक लाव, समोरून नाही, बाजूने जा, एक हात दोन्ही मांड्यांखालून, दुसरा पाठीमागून, पाय सरळ राहायला हवा. ड्रायव्हरबाईने हात घातला. चुकीचा घातला.

"असं नाही गं आई," भिंगरी ओरडली, धक्काभर ऐकू जाईल अशी. "पाय धर ना आधी, पाय. किती वेंधळी आहेस तू. सात आठवडे झाले, अजून तुला एवढं येत नाही? मघाशी केवढ्यांदा लागलं मला, माहितीय? तुला कध्धीच काही माहीत नसतं. मी पडले ते पण तुला माहीत नव्हतं."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. होडीवाल्याने नजर दुसरीकडे नेली. भिंगरी ओरडून झाल्यावर हादरली आणि आईच्या तोंडाकडे बघत, आता काय होतंय म्हणून थांबली.

"नव्हतं माहीत," ड्रायव्हरबाई म्हणाली. "आता सांग, हात कुठे घालू?"

"इथे. अजून खाली. मूर्ख." आणि भिंगरी हुंदके देत आईच्या गळ्यात पडली. नुसती धरायची म्हणून मान धरली नव्हती. सगळा भार टाकला होता. ड्रायव्हरबाईने तिला उचललं, पाय सरळ ठेवून खुर्चीत बसवलं, आणि पोर रडता रडता तिला बोल लावत राहिली: उशी वाकडी आहे, ब्रेक सोडला नाहीस, लक्ष कुठे आहे तुझं.

लक्ष कठड्याकडे होतं. अत्तू अजून तशीच वाकून उभी होती, हात पुढे, कोणालातरी उचलायला निघाल्यासारखे. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नुसतं ओठांवर होतं. तिने हात मागे घेतले, ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना, आणि रांग पुढे सरकली तशी तीही एक पाऊल सरकली.

त्या चेहऱ्यामागे काय चाललंय हे ड्रायव्हरबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. सात आठवडे ते तिने स्वतः भोगलं होतं. तिला नणंदेसाठी वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याहून कितीतरी जास्त तिला बरं वाटत होतं, आणि ती खुर्ची वळवून, मागची चाकं आधी उतरवत, पोरीच्या शिव्या खात बाहेर निघाली.